होडीच्या खिडक्या

आमच्या घराला समुद्राकडे तोंड केलेली एक खोली आहे. त्या खोलीला दोन खिडक्या, आणि त्या उघड्या आहेत की बंद हे बघूनच कळायचं. वाऱ्याला दोन्ही सारखंच. झडपा आजोबांच्या काळातल्या, फळीफळीत बोट जाईल एवढी फट. उन्हाळ्यात मजा यायची. दुपारी त्या फटींतून येणाऱ्या वाऱ्यावर अख्खं घर घोरत पडायचं. पावसाळ्याआधी बाबा माडाच्या चुडतांची विणलेली झापं बाहेरून बांधायचे, तरी झड आत यायची ती यायचीच. मग आम्ही खाट आतल्या भिंतीला सरकवायचो, जमिनीवर पोती टाकायचो आणि दसऱ्यापर्यंत त्या खोलीचं नाव काढायचो नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटलं ते कसालच्या जानकीबाईंना.

जानकीबाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, दिव्याची, सासू. दिव्याने कसालच्या ओमकारशी आपल्या पसंतीने लग्न केलं. त्याचं हायवेवर किराण्याचं दुकान, घरामागे भाताची शेती आणि काजूची झाडं. आम्ही दर्यावरचे, मासळीवर जगणारे. ते आतल्या गावातले शेतकरी. लग्नाच्या वेळी दोन्हीकडे तोंडं वाकडी झाली होती, ती पंगतीत बसल्यावर सरळ झाली. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या. चार दिवस पाऊस उघडला होता, म्हणून मानाचं माणूस समजून आईने त्यांना समुद्राची खोली दिली. नेमका रात्री वारा फिरला. सकाळी जानकीबाई ओल्या चादरीची घडी हातावर घेऊन बाहेर आल्या आणि आईला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्या हंय निजाक छत्री लागता." आम्ही ते हसण्यावारी नेलं. त्यांनी नेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, म्हणजे २००२ साली, दिव्याला दिवस गेल्याचं कळलं. मी तेव्हा मालवणच्या बाजारात एका एसटीडी बूथवर बसायचे. घरी फोन नव्हता, त्यामुळे घरच्या सगळ्या बातम्या आधी मला कळायच्या आणि मग मी त्या मला बऱ्या वाटतील तशा घरी सांगायचे. त्यानंतर कसालहून आलेली बातमी मात्र कशीही सांगितली तरी बरी वाटण्यासारखी नव्हती.

"वर्षाली मा? मी कसालसून जानकी बोलतंय," फोनवर आवाज आला. "दिव्याचा बाळंतपण आषाढात येतला. आमी हंयच करूचा ठरवला."

"अहो, पण पयला बाळंतपण म्हायराक..."

"म्हायराक म्हणजे खंय? त्या खोलयेत? बाळंतिणीक वारो लागलो तर जन्मभर कमर धरून बसतली. तुझ्या बापाशीक सांग, आधी खिडक्यो नीट करा, मगे बघू."

खटकन फोन ठेवला. मला इतका राग आला की पुढच्या गिऱ्हाइकाला मी रत्नागिरीऐवजी कोल्हापूर जोडून दिलं. तासाभराने दिव्याचा फोन आला, शेजाऱ्यांकडून, हळू आवाजात. सासूविरुद्ध ती एक शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, "माका घराक येवचा आसा गो. बाबांका सांग, कायव करा, पण माका घराक येवचा आसा." आणि रडायला लागली. दिव्या सहसा रडत नाही. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे.

घरी सांगितल्यावर बाबा ताडकन उठले. माझे बाबा, महादू, तसे शांत. पण त्यांच्या घराला कोणी नाव ठेवलं की त्यांच्या अंगात येतं. "माझ्या चेडवाक माझ्या घरात वारो लागतलो?"

"लागता," आई म्हणाली. ती पाटावर बसून उद्याच्या बाजाराची मासळीची टोपली धूत होती. "माका लागता, तुमका लागता, तिका पण लागतलो. विहीणबाई खोटा काय बोलली?"

 थोड्या वेळाने मी पाहिलं तर बाबा सुतळी घेऊन खिडकी मोजत होते.

मग सुरू झाली खिडक्यांची वणवण. बाजारात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं नवं दुकान झालं होतं, तिथे गेलो. दुकानदाराने हिशोब करून कागद आमच्यापुढे सरकवला. बाबांनी तो वाचला आणि त्याचे इतके आभार मानले की तो बिचारा गोंधळला. मग कोणीतरी सांगितलं की देवगडला एक जुनं घर पाडतायत, त्याच्या खिडक्या स्वस्तात जातायत. आम्ही एसटीने देवगड गाठलं. खिडक्या सुंदर होत्या, नक्षीच्या, आणि माणसाहून उंच. त्या बसवायच्या तर घर त्यांच्या मापाने नवं बांधावं लागलं असतं.  आमच्याकडे त्या साली पैसे नव्हते असं नाही, पण जे होते ते भागीतल्या यांत्रिक बोटीच्या दुरुस्तीला ठेवलेले होते, आणि त्याला हात लावायचा म्हणजे पावसानंतरचं सगळं वर्ष बुडवायचं.

शेवटी बाबांचा दोस्त सत्यवान सुतार येऊन खिडक्या ठोकून बघून गेला. "चौकटी बऱ्यो आसत," तो म्हणाला. "गज पण बरे. तेंका हात लावू नकास. फक्त झडपा बदल. लाकूड तू आण, बाकी मी बघतंय."

"लाकूड खंयसून हाडू?" बाबांनी विचारलं.

यावर सत्यवानाने परसाकडे पाहिलं. आईने पाहिलं. मीही पाहिलं. बाबा तेवढे समोर भिंतीकडे बघत राहिले.

परसात माडांच्या सावलीत बाबांची जुनी होडी पालथी घातलेली होती. बाबा भागीच्या बोटीवर जायला लागल्यापासून तिला पाणी लागलं नव्हतं. तिचा काही उपयोग नव्हता, आणि ती विकायची किंवा मोडायची गोष्ट काढायची कोणाची छाती नव्हती. दर पावसाळ्याआधी बाबा नवी झापं विणायचे ती आधी तिच्यावर घालायचे आणि मग उरलेली खिडक्यांना. आई म्हणायची, "आधी सवतीक पांघरूण, मगे आमका." पण बाबा आजारी होते त्या साली तिनेच होडीवर झापं घातली होती, हेही मला आठवतं. त्या होडीने आम्हाला वाढवलं होतं. दिव्याचं दहावीचं वर्ष, माझं बारावीचं, आजीचं औषधपाणी, सगळं तिच्यातून उतरलेल्या मासळीवर झालं.

 आमच्या घरात अवघड गोष्टी न बोलताच ठरतात. काही दिवस बाबा येता-जाता होडीजवळ थांबायचे, तिच्या फळीवरून हात फिरवायचे आणि पुढे जायचे. मग एका सकाळी त्यांनी तिच्यापुढे नारळ फोडला, तिला हळदकुंकू लावलं आणि पहिला खिळा उपटला. आई त्या दिवशी बाजारात उशिरा गेली. गेली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि मी विचारल्यावर कांदा कापला म्हणाली. त्या दिवशी घरात कांदाच नव्हता.

फणसाच्या फळ्या आतून अजून सोन्यासारख्या पिवळ्या निघाल्या. मोडके तुकडे उरले ते बाबांनी माळ्यावर रचून ठेवले. आमच्याकडे होडीचं लाकूड चुलीत घालत नाहीत. जिने पोट भरलं तिला जाळायचं नसतं.

खिडक्या करायला बाबांनी सत्यवानाला बसूच दिलं नाही. "उभ्या जन्मात होड्यो केलंय, दोन जनेलां माका येवची नाय?" खिडकीला ते जनेल म्हणतात. सत्यवान बिडी ओढत बाजूला बसून होता. फळ्या एकमेकींना कशा चिकटवून बसवल्यायत, झडप चौकटीत कशी ठासून जाते ते त्याने पाहिलं आणि म्हणाला, "महादू, थोडी जागा ठेव रे. पावसात लाकूड फुगता."

"फुगूकच होया," बाबा म्हणाले. "फुगला की फट बुजता. होडी पाण्यात घातल्यार कशी घट्ट होता? तशी."

"होडी उघडूची नसता. जनेल उघडूचा लागता."

बाबा हसले. सुताराला दर्याचं काय कळतं, असं ते हसणं होतं. मीही हसले, कारण मी बाबांच्या बाजूची होते. मग बाबांनी होडीला करतात तसं सगळं केलं. सांध्यांत कापसाच्या वाती ठासल्या, वर तेलात कालवलेली राळ भरली, ऊन दिलं, परत राळ भरली. आईने आपल्या मासळीच्या पैशातून पितळेच्या बिजागऱ्या आणल्या, कारण लोखंडाच्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत. झडपा बसल्यावर बाबांनी मला आत उभं केलं आणि बाहेरून घागरीवर घागरी पाणी मारलं. मी आतून फळीवर हात ठेवून उभी होते. थेंब आला नाही. बाबांनी बाहेरून विचारलं, "कसा आसा?" आणि मी ओरडले, "सुका!" तेव्हा मला त्यांचा किती अभिमान वाटला ते सांगता येत नाही.

मे महिन्यात जानकीबाई पारखायला आल्या. एसटीतून उतरल्या त्या सरळ खोलीत गेल्या. खिडक्या लावायला सांगितल्या, देवघरातलं निरांजन पेटवून मागितलं आणि ते खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. बाहेर माड वाकत होते. आत ज्योत उभीच्या उभी. बाकी सगळे ती ज्योत बघत होते, मी मात्र जानकीबाईंचा चेहरा बघत होते. तो उतरला. हरली बाई, असं मनात म्हणून मी खूश झाले.

"बरा आसा," त्या म्हणाल्या. फळीवर त्यांनी बोट टेकवलं. "लाकूड जुना दिसता."

"जुना, पण घट्ट आसा," बाबा म्हणाले. कशाचं लाकूड ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही नाही.

मग चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती दिवस ठेवतल्यात तिका?"

"सव्वा महिनो तरी," आई म्हणाली.

"सव्वा महिनो," जानकीबाई म्हणाल्या, आणि बराच वेळ बशीतच बघत राहिल्या.

दिव्या आली आणि तिच्यामागून पाऊस आला. पहिल्याच आठवड्यात खिडक्या अशा बसल्या की सत्यवान म्हणाला होता त्याच्यावर कडी झाली. बाबांनी आतून ओढलं, बाहेरून ढकललं, मी लोंबकळले, काही नाही. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही. "बघ, कशी धरल्यान ती," ते अभिमानाने म्हणाले. थेंब येत नव्हता हे खरं. उजेडही येत नव्हता. खोलीवर माळा, त्यामुळे कौलातूनही काही नाही. दिवसा बल्ब लावायचा, आणि तो गेला की कंदील. दिव्या एकदा खाटेवर पडल्यापडल्या म्हणाली, "बाबा, दर्याचो आवाजच येणा नाय ओ हंय. कसालात असल्यासारख्या वाटता."

"पावस सरलो की उघडतला," बाबा म्हणाले.

आषाढ संपता संपता तिला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं. आई शेगडी खोलीत न्यायची ती दार उघडं ठेवून, जरा शेक दिला की उचलून बाहेर. सगळं नीट चाललं होतं. मग जानकीबाई नात बघायला आल्या. आळीव, खारीक, डिंक, घरच्या तांदळाचं गाठोडं, आणि न विचारता चार साड्या. दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेली होती, बाबा मागच्या पडवीत जाळं विणत होते, मी बूथवर. बाहेर धो धो पाऊस. बाळंतीण गारठेल म्हणून जानकीबाईंनी शेगडी भरून कोळसे पेटवले, खाटेखाली सरकवली, ओव्याची धुरी केली, आणि वारा येऊ नये म्हणून दारही लावून घेतलं.

मी दुपारी जेवायला घरी आले. दार ढकललं आणि आतून ऊबच अंगावर आली, जड, धुराची. जानकीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांची मान एका बाजूला पडली होती. बाळ त्यांच्या मांडीवर बारीक आवाजात कण्हत होतं. दिव्या मला बघून हसल्यासारखं करत म्हणाली, "डोक्या जड झाला गो," आणि उठायला गेली ती उठलीच नाही.

मी बाळाला उचललं आणि बाबांना हाक मारली. अशी हाक मी त्याआधी कधी मारली नव्हती, त्यानंतरही नाही. बाबा आले, दारात एकदाच थबकले, शेगडी उचलून अंगणात फेकली आणि खिडकीला गेले. ओढून बघण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. त्यांना ठाऊक होतं ती कोणी बनवली आहे. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली आणि उलट्या बाजूने आपल्याच फळीवर घाव घातला. दुसऱ्याला फळी निघून बाहेर पडली. भसकन वारा आत आला, पावसासकट. दिव्याच्या तोंडावर पाणी उडालं, तिने डोळे उघडले आणि लहान मुलासारखा तोंड वासून श्वास घेतला. जानकीबाई दचकून जाग्या झाल्या आणि पहिला शब्द बोलल्या तो, "पोर खंय?"

पोर माझ्याजवळ होती. वारा लागल्यावर तिने असा काही टाहो फोडला की बाबांनाही रडू फुटलं.

डॉक्टर येऊन गेले. सगळ्यांना बरं आहे म्हणाले, आणि बंद खोलीत कोळसे ठेवल्याबद्दल सगळ्यांना सारखंच झापलं. संध्याकाळी आई चुलीजवळ, बाबा उंबऱ्यावर, जानकीबाई दिव्याच्या खाटेशी. त्यांची साड्यांची पिशवी बांधून तयार होती. आता त्या दिव्याला आणि बाळाला घेऊन जाणार हे मी धरूनच चालले होते, आणि त्यांना अडवायला आमच्याकडे तोंड नव्हतं.

बाबाच आधी बोलले. "विहीणबाई, चूक माझी. जनेल मी केलंय. न्हेवचा असल्यास न्हेवा तिका."

"शेगडी मी पेटवलंय," जानकीबाई म्हणाल्या.

 दिव्याने सासूचा हात धरला होता आणि डोळे मिटले होते.

"माझ्या घराक वारो नाय," जानकीबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, कोणाकडे न बघता. "पण माणूस पण नाय. ओमकार सकाळीच दुकानात जाता तो रातीक येता. दिव्या होती तेवां घर होता. ती हंय इली आणि मी भिंतीशी बोलाक लागलंय. सव्वा महिनो म्हटल्यार माका रडूच इला. वारो वारो केलंय, पण माका आपली ती जावची नको होती."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मगे पयल्यानच सांगूचा नाय? तुमी पण येवा म्हटला नसता?"

"कोणी म्हटल्यानच नाय," जानकीबाई म्हणाल्या.

आणि ते खरं होतं. विहीण म्हटलं की मान, मान म्हटलं की चहा, चहा झाला की एसटी. रहा, असं त्यांना आमच्यापैकी कोणी म्हटलं नव्हतं. मी तर मुळीच नाही. मी त्यांचा चेहरा उतरलेला बघून खूश झाले होते. आई उठली, जानकीबाईंची पिशवी उचलली आणि माझ्या पलंगाखाली सरकवून आली. झालं ठरून. मी त्या दिवसापासून स्वयंपाकघरात झोपायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. जानकीबाई लवकर उठल्या, अंगण झाडलं आणि अंघोळीचं पाणी तापवायला म्हणून ती पडलेली फळी उचलून चुलीकडे निघाल्या. बाबा धावत गेले.

"ता नको. ता चुलीत घालू नकास."

"फुटका लाकूड ता, ठेवून काय करतल्यात?"

 मग मीच सांगितलं. कोणाची फळी, कोणती होडी, परसात गवत न उगवलेली ती लांबट जागा कशाची. जानकीबाईंनी फळी उलटीपालटी करून पाहिली. एका कडेला खिळ्यांची भोकं होती आणि निळ्या रंगाचा एक पापुद्रा अजून चिकटून होता. 

"होडी मोडल्यात?" त्या बाबांना म्हणाल्या. "माझ्या एका बोलण्याक लागान?"

"पडानच होती ती," बाबा म्हणाले.

"पडान होती म्हणान कोण मोडता?" त्यांनी ती फळी पदराने पुसली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. त्या दिवशी त्या फारशा जेवल्या नाहीत.

बाबांनी झडपा उतरवल्या आणि सत्यवानाला बोलावलं. सत्यवान आला, बिडी पेटवली आणि मोठ्या मनाने काहीच बोलला नाही. दोघांनी मिळून कडा रंध्याने तासल्या. आता फुगलेलं लाकूड तासलं तर सुकल्यावर फटी पडणार, हे बाबांना बसल्याबसल्या कळलं, आणि ते एकदम थांबले. "म्हणजे माझ्या बापाशीन केलेल्यो फटी..." ते म्हणाले.

"हां," सत्यवान म्हणाला. "पावसात बारीक, उन्हाळ्यात मोठ्यो. आणि उरल्या फटीक भायरसून झापां."

बाबांनी परत रंधा उचलला. आजोबांच्या त्या फटींमागे काही अक्कल असेल हे आम्हाला इतकी वर्षं सुचलंच नव्हतं. फुटलेली फळी बाबांनी वरच्या बाजूला आडवी बसवली, वेगळ्या बिजागरीवर, दोरी ओढली की उघडणारी. पाऊस असला तरी तेवढ्यातून हवा यायची आणि पाणी यायचं नाही. खाट आत सरकवायची गरज उरली नाही. त्या रात्री दिव्याने दोरी ओढली आणि समुद्राचा आवाज आत आला. ती बाळाला कुशीत घेऊन झोपली.

जानकीबाई राहिल्या. आईला मासळीतलं आणि त्यांना भाजीतलं जास्त कळतं यावरून रोज वाद व्हायचा आणि रोज दोघी मिळून जेवायच्या. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या त्या जानकीबाईच, आणि त्या वेळी खोलीत वारा आला तरी काही म्हणायच्या नाहीत. सव्वा महिना झाला. चवथ जवळ आली. कसालहून ओमकारचे निरोप यायला लागले. दिव्या आणि बाळ अजून काही दिवस राहणार होती, पण त्याची आई कधी येणार, घरातल्या गणपतीचं कोण करणार?

एका दुपारी जानकीबाई माझ्या बूथवर आल्या आणि मला कसालचा नंबर लावायला सांगितला. मी लावून दिला आणि दुसरीकडे बघत बसले. बूथवर बसलेल्या माणसाला दुसरीकडे बघता येतं, कान दुसरीकडे ठेवता येत नाहीत.

"ओमकार? हां, मी. पोर बरी आसा... दिव्या पण. नाय रे, इतक्यात खंय येतंय? ता जनेलाचा काम चालू आसा हंय... हां, अजून. घट्ट जाता. तसा टाकून कशी येव मी? झाला की येतंय."

खिडकीचं काम होऊन महिना उलटला होता. त्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं, पैसे दिले आणि मासळी बाजाराकडे गेल्या, आईला भेटायला.

मी संध्याकाळी घरी जाऊन बाबांना हे सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. थोडा वेळ परसातल्या त्या लांबट जागेकडे बघत राहिले, मग आत गेले आणि चांगली चालणारी, काही दुखत-खुपत नसलेली एक झडप बिजागरीतून सोडवून बाहेर घेऊन आले. पडवीत दोन चिऱ्यांवर ती आडवी ठेवली आणि रंधा हातात घेतला.

आई आणि जानकीबाई बाजारातून परतल्या तेव्हा बाबा फळीवर नुसता हात फिरवत बसले होते.

"काय झाला?" जानकीबाईंनी विचारलं.

"जरा घट्ट जाता," बाबा म्हणाले. "वेळ लागतलो."

जानकीबाई तिथेच थांबल्या. आधी झडपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघायला लागले. मग त्यांनी आतून बाळाला उचलून आणलं आणि पडवीच्या पायरीवर तिला मांडीत घेऊन बसल्या.

"सावकाश करा," त्या म्हणाल्या. "माका घाई नाय."